पालीचा रंग आणि पालीची जमीन

मराठी माणसाच्या घरात पाल दोन ठिकाणी राहते. एक ट्यूबलाइटच्या मागे आणि दुसरी पंचांगात. ट्यूबलाइटमागची पाल किडे खाते. पंचांगातली पाल अंगावर पडते आणि कोणत्या अवयवावर पडली यावरून आपले भविष्य ठरविते. 'पल्लीपतना'चा तो तक्ता आजही पंचांगात सापडतो. भाषेतही तिने आपला एक कोपरा धरून ठेवला आहे. मनात जरा संशय आला, की शंकेची पाल चुकचुकलीच म्हणून समजावे. इतका जुना घरोबा असूनही पालीकडे दोन मिनिटे नीट पाहण्याचा प्रसंग सहसा कोणावर येत नाही. ती दिसली, की आपण एक तर ओरडतो, नाहीतर केरसुणी शोधतो.

माझ्यावर तो प्रसंग २०२३ सालच्या उन्हाळ्यात आला, आणि तोही अमेरिकेत. न्यू जर्सीमध्ये माझे मामा राहतात. मामीच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरली होती. मदतीला आई निघाली आणि सुट्टी असल्यामुळे मीही तिच्याबरोबर गेले. परदेशी जाऊन आलेल्याने नायगारावर किंवा न्यूयॉर्कच्या गगनचुंबी इमारतींवर लिहावे, असा वार्षिकांकांचा जुना रिवाज आहे. दोन्ही मी पाहिले. पण दोन महिन्यांत मला जे काही शिकायला मिळाले, ते मामेबहिणीच्या खोलीतल्या एका काचेच्या पेटीपाशी. म्हणून वाचकांनी नायगारा तूर्त माफ करावा.

मामेबहीण तेरा वर्षांची. मराठी समजते, बोलतेही; पण वाक्याच्या मध्येच तिची गाडी इंग्रजीच्या रुळावर जाते. पहिल्याच संध्याकाळी तिने मला हाताला धरून नेले आणि म्हणाली, "ताई, ही केशर. ती चावत नाही. तू फक्त हात खाली ठेव, ती स्वतः येते." मी हात ठेवला नाही. दाराच्या चौकटीपाशी उभी राहून पाहिले. पेटीत वीतभर लांबीचा, पिवळसर केशरी रंगाचा, मऊ रबरासारखा दिसणारा एक प्राणी चार पायांवर अंग उचलून सावकाश चालत होता. त्याने माझ्याकडे पाहिले आणि डोळे मिटले. मी चमकले. आपल्या घरातली पाल डोळे मिटत नाही. तिला उघडझाप करणाऱ्या पापण्याच नसतात. हिला होत्या. पापण्या मिटून ती जे काही करत होती, ते अगदी माणसाच्या सुस्तावण्यासारखे होते. माझी भीती निम्मी तिथेच गेली.

या जातीला इंग्रजीत 'लेपर्ड गेको' म्हणतात. आपण 'बिबट्या पाल' म्हणू. शास्त्रीय नाव युब्लेफॅरिस मॅक्युलॅरियस. त्यातल्या पहिल्या शब्दाचा ग्रीक अर्थ 'सुरेख पापण्यांची' आणि दुसऱ्याचा लॅटिन अर्थ 'ठिपक्यांची'. कला शाखेच्या विद्यार्थिनीला याहून चांगली ओळख कोणती? हे नाव १८५४ साली एडवर्ड ब्लिथ याने दिले. तो कलकत्त्याला एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचा अभिरक्षक होता आणि त्याच्यापुढे आलेला नमुना पंजाबातल्या सैंधव मिठाच्या डोंगररांगांतला होता. म्हणजे न्यू जर्सीच्या त्या खोलीत आम्ही दोघी पाहुण्याच. मी महाराष्ट्रातून आलेली, आणि तिचे पूर्वज आज पाकिस्तान, अफगाणिस्तान आणि वायव्य भारत म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मुलखातले. फरक एवढाच, की तिच्या कित्येक पिढ्या पिंजऱ्यातच जन्मलेल्या आणि माझ्याकडे परतीचे तिकीट होते.

घरातल्या पालीसारख्या हिच्या बोटांना चिकटणाऱ्या गाद्या नसतात. त्यामुळे ती भिंत चढू शकत नाही, ती जमिनीवरचीच. दिवसा दगडाच्या कपारीत किंवा बिळात पडून राहायचे, संधिप्रकाशात बाहेर पडून किडे टिपायचे आणि उरलेसुरले चरबीच्या रूपाने शेपटीत साठवायचे. शेपटी जाड असली, की घर सुखी. नीट सांभाळली तर पंधरा-वीस वर्षेसुद्धा जगते. हे ऐकल्यावर मामी म्हणाल्या, "म्हणजे ही कॉलेजला जाणार, लग्न करणार, आणि पाल माझ्या गळ्यात!" मामींचा हा हिशेब चुकीचा नव्हता.

आता रंगाची गोष्ट. केशर ज्या दुकानातून आणली होती, तिथे तिच्या पेटीवर नुसते 'फॅन्सी' असे लिहिलेले होते. मामेबहिणीला तेवढ्याने समाधान नव्हते. तिला केशरचा 'मॉर्फ' हवा होता. मॉर्फ म्हणजे रंगाचा आणि नक्षीचा वंशाने चालत येणारा प्रकार. रानातली बिबट्या पाल पिवळट अंगावर काळे ठिपके मिरविते. पिंजऱ्यात पैदास सुरू झाल्यावर लोकांनी वेगळे दिसणारे जीव निवडून निवडून जुळविले आणि आज या एका जातीत नावांचा बाजार भरलेला आहे. साडीच्या दुकानात जशी पैठणी, नारायणपेठ, इरकल, माहेश्वरी, तशी इथे टँजेरीन, ब्लिझर्ड, मॅक स्नो, एक्लिप्स, रॅप्टर. फरक असा, की साडीचा पोत हाताला कळतो. पालीचा वंश नुसत्या डोळ्यांना कळेलच असे नाही.

आम्ही तीन संध्याकाळी त्यात घालविल्या. तिच्याकडे पुस्तके होती, माझ्याकडे वेळ होता. पहिला नियम असा, की वय पाहिल्याशिवाय नाव ठेवू नये. या जातीचे पिल्लू ठिपक्यांचे नसते, पट्ट्यांचे असते. एक काळा आडवा पट्टा, एक पिवळा, पुन्हा काळा. वाढता वाढता ते पट्टे विरतात आणि ठिपके होतात. म्हणून लहानपणी जे नाव बसते, ते मोठेपणी बसेलच याचा भरवसा नाही. केशर दोन वर्षांची होती; तिची नक्षी स्थिरावलेली होती.

मग ठिपके मोजायचे. पाठीवर दहापेक्षा कमी ठिपके असले तर तिला 'हायपो' म्हणतात. एकही नसला तर 'सुपर हायपो'. केशरच्या पाठीवर सहा निघाले. डोक्यावर ठिपके होते. नसते तर 'बाल्डी', म्हणजे आपल्या भाषेत टकली. शेपटीच्या बुडाशी गाजरासारखा रंग चढला होता, त्याला 'कॅरट टेल' म्हणतात. अंगावरचा केशरी रंग 'टँजेरीन'चा. हा रंग एखाद्या जनुकाच्या होय-नाहीने ठरत नाही. पिढ्यानुपिढ्या जास्त केशरी नर आणि जास्त केशरी मादी निवडून तो गडद करत आणलेला असतो. शेतकरी जसे टपोरे कणीस बियाण्यासाठी बाजूला ठेवतो, तसाच तो प्रकार.

काही मॉर्फ मात्र जनुकाच्या हिशेबाने चालतात. मॅक स्नो जातीचे नर-मादी जुळविले, तर सरासरीने चारांतले एक पिल्लू 'सुपर स्नो' निघते. अंग पांढरे, त्यावर बारीक काळे ठिपके आणि डोळे काजळाच्या डबीसारखे पूर्ण काळे. ब्लिझर्ड आणि मर्फी पॅटर्नलेस या दोन्ही नक्षी नसलेल्या पाली मोठेपणी पाहिल्या, तर नवख्याचा गोंधळ उडतो. पण ब्लिझर्ड अंड्यातूनच कोरी येते, आणि मर्फीच्या पिल्लाला नक्षी असते ती पुढे पुसट होत जाते. पुन्हा तोच धडा : आजचे रूप पुरेसे नाही, कालचे माहीत हवे.

केशरचे ठिपके काळे नव्हते, तपकिरी होते. डोळ्यांत गुलाबी झाक होती. याचा अर्थ ती अल्बिनो, काळे रंगद्रव्य नसलेली. मामेबहिणीने टाळी वाजविली. पण खरी अडचण इथेच सुरू झाली. बिबट्या पालीत अल्बिनोंचे तीन वेगवेगळे वंश आहेत : ट्रेंपर, रेनवॉटर आणि बेल. तिघांची नावे ती पैदास करणाऱ्या माणसांवरून पडली. दिसायला तिघे इतके जवळचे, की आईबापांची नोंद नसेल तर जाणकारही छातीठोकपणे सांगत नाही. पण आतून ते एक नाहीत. ट्रेंपर आणि बेल यांची जोडी जमविली तर पिल्ले अल्बिनो निघत नाहीत, साधी काळ्या ठिपक्यांची निघतात. मला हे आधी कळेना. मग मामेबहिणीने समजावले : समजा, एका घरातली पुढच्या दाराची किल्ली हरवली आहे आणि दुसऱ्या घरातली मागच्या दाराची. दोन्ही घरांची मुले एकत्र केली तर प्रत्येक मुलाला दोन्ही किल्ल्या मिळतात. काय हरवले आहे ते वेगळे, म्हणून एकाची उणीव दुसरा भरून काढतो. अनुवंशशास्त्राचा हा धडा मला अकरावी-बारावीत सायन्सला न जाताच मिळाला.

त्यात ऊबही लुडबुड करते. ट्रेंपर अल्बिनोची अंडी थंड तापमानात उबविली तर पिल्ले तपकिरी, चॉकलेटी होतात; अधिक उष्णतेत उबविली तर उजळ. म्हणजे सख्खी भावंडे, एकाच वंशाची, आणि रंग वेगळे. एवढेच नव्हे, या जातीत लिंगसुद्धा उष्णतेने ठरते. सुमारे २६ अंश सेल्सियसला अंडी ठेवली तर बहुतेक माद्या होतात, साडेबत्तीसच्या आसपास बहुतेक नर, आणि ३४च्या आसपास पुन्हा बहुतेक माद्या. हे आईला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "इतके सोपे असते तर आपल्याकडे सुनांना किती बोलणी कमी बसली असती!"

तिसऱ्या संध्याकाळी आम्ही वहीत लिहिले : 'केशर. हायपो टँजेरीन, कॅरट टेल, अल्बिनो. वंश : आईबाप ठाऊक नाहीत, म्हणून लिहू नये.' शेवटचे वाक्य माझे. आमच्या मराठीच्या सरांनी पाठभेदांच्या तासाला शिकविलेले मला तिथे उपयोगी पडले. नुसत्या हस्ताक्षराच्या वळणावरून पोथीचा कर्ता ठरवू नये, पुष्पिका पाहावी. पालीला पुष्पिका नसते. विकणाऱ्याची वही असते. ती दुकानात कुणी ठेवली नव्हती.

आम्ही रंगाच्या मागे असताना केशर कशावर उभी आहे, याकडे घरातल्या कोणाचेच लक्ष नव्हते. पेटीत शुभ्र, बारीक वाळू पसरलेली होती. दुकानदारानेच ती दिली होती. पिशवीवर छापले होते, की ही कॅल्शियमची वाळू आहे, प्राण्याच्या पोटात गेली तरी पचते, उलट हाडांना उपकारक आहे. मामांनी विश्वासाने आणली. वाळवंटी प्राणी म्हणजे वाळू, हे कोणालाही पटणारेच.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात मामेबहिणीच्या एक गोष्ट ध्यानात आली. बिबट्या पाल स्वच्छतेची भोक्ती असते; पेटीतला एकच कोपरा ती शौचाला वापरते. तो कोपरा सहा दिवस कोराच होता. रातकिडे समोर सोडले तरी केशर मान फिरवीत होती. आणि ज्या शेपटीचे आम्ही गाजर म्हणून कौतुक केले, ती बुडाशी बारीक दिसू लागली होती. ती पुनःपुन्हा जमीन चाटत होती. मला ते लाघव वाटले होते. मामेबहिणीला वाटले नाही. रात्री ती मामांच्या खोलीत गेली आणि म्हणाली, "बाबा, ती आजारी आहे. उद्या डॉक्टरकडे न्यायचं." मामा म्हणाले, "अगं, परवा माझी मीटिंग आहे, शनिवारी बघू." ती काही बोलली नाही, दारातच उभी राहिली. मामांनी मीटिंग पुढे ढकलली.

सरपटणाऱ्या प्राण्यांची डॉक्टर पाऊण तासाच्या अंतरावर होती. तिने केशरला तळहातावर घेतले, पोट बोटाने चाचपले आणि क्ष-किरण चित्र काढले. पडद्यावर इवल्याशा फासळ्यांखाली एक पांढरा ढीग दिसत होता. ती वाळू होती. डॉक्टरने शांतपणे उलगडून सांगितले. अशी वाळू ओली झाली, की गोळा होऊन बसते आणि आतडे अडविते. प्राण्याला कॅल्शियम कमी पडत असले, तर तो ते मिळविण्यासाठी वाळू चाटतो, म्हणजे ही वाळू जणू आमंत्रणच देते. त्यातून पेटी पुरेशी गरम नसेल तर पचन मंदावते, कारण या प्राण्याला अन्न पचवायला बाहेरची ऊब लागते. "दोष एकट्या वाळूचा नाही," ती म्हणाली, "पण वाळू, थंडावा आणि अपुरे कॅल्शियम एकत्र आले की असे होते."

तिने सुईवाटे द्रव दिले. घरी उथळ, कोमट पाण्यात रोज वीस मिनिटे बसवायला सांगितले, पेटीची उबदार बाजू बत्तीस अंशांच्या खाली जाऊ द्यायची नाही, असे बजावले. आणि वाळू त्याच रात्री काढायला लावली. पाच दिवसांत फरक पडला नाही तर शस्त्रक्रिया, हेही तिने लपविले नाही. परतताना मामेबहीण मागच्या सीटवर डबा मांडीवर घेऊन बसली होती. तिने मला विचारले, "ताई, तिचा रंग फिका झालाय का?" मी म्हटले, "नाही गं." खरे तर त्या क्षणी मला तिचा रंग कोणता होता हेही आठवत नव्हते.

त्या पाच दिवसांत घरातली माणसे बदलली. मामींचा गुडघा आणि केशरचे आतडे या दोन्हींची चौकशी एकाच श्वासात होऊ लागली. आजी मामांकडेच असते. तिने दोन वर्षे त्या खोलीत पाऊल टाकले नव्हते. पालीचे दर्शन नको, स्पर्श झाला तर डोक्यावरून पाणी घ्यावे लागते, ही तिची ठाम समजूत. ती चौथ्या दिवशी काठी टेकत आली. कोमट पाण्याच्या कढईवजा भांड्यात केशर हनुवटी काठावर टेकून, डोळे मिटून बसली होती. आजी पाहत राहिली. मग म्हणाली, "बाळंतिणीसारखी बसलीय की." पाचव्या दिवशी सकाळी भांड्यातल्या पाण्यात पांढऱ्या वाळूचा खडा पडला. त्यानंतर दोन दिवसांत आणखी दोन. त्या खड्यांचे त्या घरात जे स्वागत झाले, ते एखाद्या परीक्षेच्या निकालाचेही होत नसेल.

आता प्रश्न होता, वाळू काढली तर जमिनीवर घालायचे काय. डॉक्टरने पहिले दोन-तीन आठवडे साधे पेपर टॉवेल सांगितले. दिसायला गरीब, पण त्यावर सारे काही दिसते : शौच झाले का, रक्त आहे का, खाल्लेले बाहेर आले का. नवीन आणलेल्या किंवा आजारी प्राण्यासाठी याहून चांगली जमीन नाही. पुढे काय, याचा आम्ही शोध घेतला आणि लक्षात आले, की दुकानात मिळणाऱ्या निम्म्या गोष्टी बाद आहेत. अक्रोडाच्या टरफलांचा भुगा टोकदार असतो, पोटात गेला तर इजा करतो. देवदार किंवा पाइनच्या लाकडाचा भुसा सुगंधी असतो, पण तेच तेल प्राण्याच्या श्वासाला बाधते. गालिच्यासारख्या हिरव्या पट्टीत नखे अडकतात आणि घाण साचते. उरली फरशी. स्लेटच्या, म्हणजे आपल्या पाटीच्या दगडाच्या फरश्या. त्या ऊब धरून ठेवतात, पुसता येतात, नखे आपोआप झिजवितात, आणि त्यांचा घास होऊ शकत नाही.

मामांनी फरश्या कापून बसविल्या. एका कोपऱ्यात झाकणाच्या डब्याला भोक पाडून ओलसर खोली केली. कात टाकताना या पालीला दमट जागा लागते. नाहीतर बोटांच्या टोकांशी जुनी कातडी आवळून राहते आणि बोटे झडतात. त्या डब्यात ओला नारळाचा काथ्या भरला. त्याच्या पाकिटावर 'भारतात तयार केलेले' असे छापले होते. सैंधवाच्या डोंगरातली पाल न्यू जर्सीत नारळाच्या काथ्यावर कात टाकणार, हे वाचून आजीला हसू आले.

तिने त्याच वेळी एक प्रश्न विचारला, जो आम्हा कोणालाच सुचला नव्हता. "तिच्या गावाकडे जमीन कशी असते?" आम्ही चित्रे काढून पाहिली. बिबट्या पालीचा मूळ मुलूख म्हणजे सिनेमात दिसणारे वाळूचे डोंगर नव्हेत. तो खडकाळ, खुरट्या गवताचा, टणक मातीचा, दगडगोट्यांचा प्रदेश आहे. आजीने चष्मा वर केला आणि म्हणाली, "ही तर आपल्या माळासारखीच जमीन. वाळू कुठाय? चोपून, सारवून घट्ट केलेल्या अंगणासारखी जमीन पाहिजे तिला." आजीचे बालपण मातीच्या घरात गेलेले; तिला जमीन घट्ट कशी करतात ते हातांनी ठाऊक होते. आणि गंमत अशी, की अलीकडचे अनुभवी पाळणारेही नेमके हेच सांगतात. निरोगी, वाढलेल्या पालीसाठी सुमारे सत्तर टक्के खतविरहित माती आणि तीस टक्के स्वच्छ धुतलेली वाळू पाण्याने कालवायची, दाबून बसवायची आणि कडक वाळू द्यायची. तिच्यावर दगड मांडायचे. ती सुटी नसते, म्हणून सहसा तोंडात जात नाही. आणि पाल तीत बीळ करू शकते. केशर पूर्ण बरी झाल्यावर पेटीचा एक तृतीयांश भाग असा करायचे ठरले. माती आजीने कालविली. पालीला अजूनही ती हात लावत नाही. पण अंगण तिच्या हातचे आहे.

जुलैअखेरीस जवळच्या गावी सरपटणाऱ्या प्राण्यांचे प्रदर्शन भरले. मामेबहिणीने वाढदिवसांचे पैसे जमवून दोनशे डॉलर साठविले होते. केशर बरी झाली तर दुसरी पाल घ्यायची, हे मामांनी आजारपणाच्या दिवसांत कबूल केलेले. सभागृहात टेबलांच्या रांगा आणि त्यांवर मिठाईच्या डब्यांसारखे पारदर्शक डबे. प्रत्येकात एक पाल, प्रत्येकावर नावाची चिठ्ठी. एका टेबलापाशी ती थांबली आणि हलेना. डब्यात लिंबाच्या सालीवर दंव पडावे तशा रंगाचे एक पिल्लू होते. पिवळ्यावर पांढुरकी झळाळी, डोळे रुपेरी. चिठ्ठीवर 'लेमन फ्रॉस्ट'. मी आजवर इतका देखणा प्राणी पाहिलेला नाही, हे प्रामाणिकपणे लिहिते.

पण आम्ही त्याच्याविषयी वाचलेले होते. हा मॉर्फ साध्या रंगाच्या आईबापांच्या पोटी अचानक उपजला आणि त्याच्या रूपाने साऱ्यांना वेड लावले. मग असे दिसले, की ही पिल्ले मोठी झाल्यावर त्यांच्या कातडीवर पांढऱ्या गाठी येतात. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या लाँगह्वा ग्वो, लिओनिड क्रुग्लियाक आणि सहकाऱ्यांनी यावर केलेले संशोधन २०२१ साली प्रसिद्ध झाले. 'स्पिंट-१' नावाच्या जनुकाशी त्यांनी या रंगाचा संबंध जोडला. प्रकाश परतविणाऱ्या ज्या पेशींमुळे ती झळाळी येते, त्याच पेशी बेसुमार वाढून अर्बुद होते. या रंगाच्या ऐंशी टक्क्यांहून अधिक पालींना सहा महिने ते पाच वर्षे या वयात अशा गाठी येतात, असे त्यांना आढळले. म्हणजे रंग एकीकडे आणि रोग दुसरीकडे असे नाही. एकाच पेशींचे ते काम.

मामेबहिणीने विकणाऱ्याला विचारले. तो सभ्य माणूस होता. म्हणाला, "माझ्या या ओळीत गाठी नाहीत. हे पिल्लू पाहा, अगदी स्वच्छ आहे." तिने विचारले, "याचं वय किती?" तो म्हणाला, "तीन महिने." ती गप्प झाली. गाठी दिसायला सहा महिन्यांच्या पुढे सुरुवात होते. तिसऱ्या महिन्यात त्या नाहीत याने काहीच सिद्ध होत नाही. हे तिने मला मराठीत, हलक्या आवाजात सांगितले, त्याला ऐकू जाऊ नये म्हणून. मग तिने विचारले, "ताई, मी नाही घेतलं तर दुसरं कोणी घेईल ना? मग त्याला कोण डॉक्टरकडे नेणार?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि मामांकडेही नव्हते. शेवटी तीच म्हणाली, "पण मी घेतलं तर तो अजून करेल." आणि डबा खाली ठेवला. पुढच्या एका टेबलावर 'एनिग्मा' नावाची पाल होती. फार देखणी. रातकिडा समोर टाकला तर तिचा नेम चुकत होता. मान आकाशाकडे वळवून ती जागच्या जागी गोल फिरत होती. या मॉर्फबरोबर असा मज्जासंस्थेचा विकार येतो, हेही आम्ही वाचले होते. वाचलेले आणि पाहिलेले यांत किती अंतर असते, ते तिथे कळले. आम्ही काही न घेता बाहेर आलो. दोनशे डॉलरांतून केशरसाठी मोठी पेटी आणि उष्णता कायम राखणारे थर्मोस्टॅट आले.

आपल्यापैकी काहींना वाटेल, की हा परदेशी श्रीमंतांचा छंद. आपल्याला त्याचे काय? पण बिबट्या पालीची भावंडे आपल्या मातीतही आहेत. महाराष्ट्र आणि गुजरातेत हिची एक मोठी, जाडजूड बहीण राहते, युब्लेफॅरिस फस्कस. सातपुड्यातून तर २०१४ साली झीशान मिर्झा, राजेश सानप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कुळातली एक नवी जात शास्त्राच्या दप्तरात दाखल केली. तिचे नावच सातपुराएन्सिस. आपल्या माळावर ती कधी दिसली, तर लोक विषारी समजून दगड उचलतात. तिला विष नसते. तिला पापण्या असतात, आणि शेपटीत साठविलेली थोडी शिदोरी असते. तिला घरी आणू नये. रानातला प्राणी पेटीत ठेवण्यासाठी नसतो, आणि तिच्या पायांखाली योग्य जमीन आधीच आहे. आपण एवढेच करायचे, की दगड खाली टाकायचा.

आम्हा कला शाखेच्या विद्यार्थ्यांचे सारे शिक्षण नावांचे असते. अलंकारांची नावे, वृत्तांची नावे, संप्रदायांची नावे. कुठल्या कवितेला कोणते लेबल लावायचे, याचे गुण मिळतात. नाव ठेवणे वाईट नाही. केशरचा रंग मोजताना तिचे ठिपके, तिचे डोळे, तिची शेपटी आम्ही जितक्या बारकाईने पाहिली, तितकी एरवी पाहिली नसती. आणि शेपटी आधी नीट पाहिलेली होती, म्हणूनच ती बारीक झाल्याचे पुढे लगेच दिसले. पण नाव लिहून झाल्यावर वही मिटायची नसते. ज्याला नाव दिले, तो उभा कशावर आहे, हा पुढचा प्रश्न. आजीने तो एका वाक्यात विचारला होता, आणि आजी चौथीपर्यंतच शिकली आहे.

मामेबहिणीचे पत्र अधूनमधून येते. केशर धडधाकट आहे, शेपटी पुन्हा जाड झाली आहे. आजीने केलेल्या अंगणात तिने एक बीळ पाडले आहे आणि दिवसाचा बराच वेळ ती तिथेच असते. रंग पाहायला मैत्रिणी येतात, तेव्हा दिसते ते फक्त शेपटीचे टोक.